नारिंगी पट्टी

४ सप्टेंबर, गुरुवार

परत केलं! दुकानदाराने तोंड वाकडं केलं. करू दे, मीही केलं.

दिसायला काय झक्क होतं — काळं कुळकुळीत, सिनेमातल्या पोलिसाच्या हातात असतं तसं. गॅसच्या नळकांड्यावर चालतं, हात दुखायचा नाही, म्हणाला. हात नाही दुखला, डोकं दुखलं. दहा छर्रे मारले ते दहा दिशांना. इशानीने आधीच सांगितलं होतं, "आजी, ते नुसतं डबे पाडायला. टार्गेटला नको." ऐकलं नाही. स्वस्त दिसलं की माझा हात आपोआप पुढे जातो.

घेताना वयाचा पुरावा मागितला होता. अठरा पूर्ण हवीत म्हणे! एकाहत्तर वर्षांच्या बाईला! मी बसचा फुकटचा पास काढून नाकासमोर धरला. हसला. तेव्हाच ओळखायला हवं होतं. हसणारा दुकानदार काहीतरी गळ्यात मारतोच.

६ सप्टेंबर, शनिवार

नेमबाजीच्या क्लबचं पिस्तूल आज पुन्हा दुसऱ्याच्या हातात. तासभर खुर्चीत बसून राहिले, दवाखान्यात नंबर लावल्यासारखी. म्हणून स्वतःचं हवं. हौस म्हणून नाही — नाही, हौसच आहे. इथे कोण वाचतंय.

इशानीने नादी लावलं. गिरीशची एकुलती, युनीच्या तिसऱ्या वर्षाला. दोन वर्षं जाते ती क्लबात. मे महिन्यात म्हणाली, "आजी, घरात बोअर होते तू. चल, नुसती बस तिथे." अर्धा तास बसले. मग डेरेकने हातात दिलं. डेरेक म्हणजे तिथला मुख्य. पूर्वी बस चालवायचा, आता आम्हाला चालवतो. पहिल्याच दिवशी शंभरात एकसष्ट! हे मनगट कुठून आणलंस, म्हणाला. म्हटलं, हॉस्पिटलच्या लाँड्रीतून. एकवीस वर्षं ओल्या चादरी उपसल्या. हे वर एक्स-रे काढायचे, मी खाली तळघरात. चौथी शिकलेल्या बाईला आणखी काय मिळणार होतं.

इंग्रजी बोललेलं कळतं. कागद आला की इशानी लागते. क्लबचे मेलसुद्धा तिच्याच फोनवर येतात, ती वाचून दाखवते.

डेरेकचा नियम एकच, पण दिवसातून दहा वेळा ऐकवतो. मारून झालं की नळीत नारिंगी पट्टी घालायची. प्लास्टिकची, वीतभर लांब. पट्टी दिसली तर रिकामं. पट्टी नसेल तर भरलेलं समजायचं, मग देवाने येऊन सांगितलं तरी.

ऑक्टोबर संपला की माझी शिकाऊगिरी संपते, पक्की मेंबर. आणि बायकांच्या टीममध्ये हिवाळ्यासाठी चौथी जागा रिकामी आहे. कुणाला बोलले नाही. डोळा ठेवून आहे.

१० सप्टेंबर

इशानीने फोनवर पन्नास पिस्तुलं दाखवली. नवरी बघायला बसल्यासारखं.

स्प्रिंगचं परवडतं. पण दर खेपेला नळी वाकवायची आणि मारलं की हातात बेडकासारखी उडी. नको. हवेच्या बाटलीचं लोण्यासारखं चालतं — क्लबमध्ये एकदा हातात घेतलंय. पण ती बाटली दहा वर्षांनी बाद होते. जुनं घ्यायचं तर दुधाच्या बाटलीवर बघतो तशी तारीख बघून घ्यायची, वर भरायचा पंप वेगळा. किंमत ऐकली आणि पाणी प्यायले.

राहिलं दांडीचं. बाजूची दांडी उघडायची, एकदा जोर लावून मिटायची, हवा आत कोंडते. एक छर्रा. पुन्हा दांडी, पुन्हा छर्रा. गॅस नको, पंप नको. चकलीच्या सोऱ्याइतका जोर लागतो. हे माझं!

"हा पिस्तूल चांगली आहे आजी, पण नवीन तर तीन पेन्शन जाईल." हिचं मराठी ऐकून कान धुवावेसे वाटतात. पण हिशोब बरोबर. जुनं शोधू म्हणाली.

१३ सप्टेंबर

सुप्रभाशी वाजलं.

"आई, घरात बंदूक? शेजारपाजारचे काय म्हणतील?"

बंदूक नाही, पिस्तूल. हवेचं. लायसन लागत नाही. कुलपात ठेवीन.

"तुमच्या वयाच्या बायका भजनाला जातात, आई."

"त्यांचा नेम नसेल."

गिरीश टोस्ट खात होता. खातच राहिला. माझा मुलगा दोघींच्या मध्ये कधी पडत नाही, बाजूला पडून राहतो. सून हॉस्पिटलात फार्मसिस्ट, दिवसभर गोळ्या मोजते आणि माझ्या छर्ऱ्यांना घाबरते. वरून इशानीचा आवाज आला — "मम्मी, शी इज बेटर दॅन मी!" पोरगी माझ्या बाजूची. घरात एक तरी.

२० सप्टेंबर, शनिवार

मिळालं!!

क्लबच्या बोर्डावर चिठ्ठी होती. एका म्हाताऱ्या मेंबरबाईचा खांदा गेला, म्हणून विकायचं. दांडीचंच. पंधरा वर्षांचं, पण गंज नाही. डेरेकने बघायला शिकवलं — दांडी मिटायची, मिनिटभर तसंच धरायचं, मग मारायचं. हवा गळत असेल तर आवाज मेलेला येतो. नाही आला. मग पाच छर्रे मारले, पाचांचं मिळून एकच भोक, नाण्याएवढं.

बाईने किंमत सांगितली, नव्याच्या निम्म्याहून कमी. मी म्हटलं, आणि माझ्यासाठी किती? बाई गोंधळली. हे लोक एकदा सांगितलं की सांगितलं. शेवटी छर्ऱ्यांचा एक डबा वर दिला बिचारीने. पट्टीसुद्धा दिली, तिची तीच जुनी नारिंगी.

मूठ तेवढी मोठी आहे. गोऱ्या बाईच्या पंजाची.

२१ सप्टेंबर

इशानीने बागेत बसून मूठ घासली. सकाळी अकरापासून. तिच्या केसांत लाकडाचा भुसा. मग लाकडात भरायची पुट्टी लावली आणि माझा हात त्यावर दाबला. "हलू नको, आजी. आता श्वास पण हळू." कणकेवर उमटावीत तशी माझी बोटं उमटली. वाकडी करंगळीसुद्धा.

"आता हे कुणालाच नाही बसणार. ओन्ली यू."

तिने तोंड वर केलं तेव्हा तिच्या नाकावर पुट्टी होती. पुसली नाही मी. हसू आलं म्हणून.

२७ सप्टेंबर, शनिवार

चौऱ्याऐंशी. शंभरात!! डेरेकने कार्ड दोनदा मोजलं. इशानी एकोणऐंशी. मला मिठी मारायला आली, म्हटलं लोक बघतायत.

बागेत मारायची सोय केली. शेडच्या भिंतीला छर्रे अडवणारा लोखंडी डबा, त्यावर कार्ड. रोज दहा. कुंपणाबाहेर काही जात नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सकाळी बागेत नऊ मारले, सगळे काळ्यात. दहावा भरला आणि आतून उतू गेलेल्या दुधाचा वास आला, तशीच पळाले. खिरीचं दूध! शेगडी घासून कंबर गेली.

दुपारी पूजा मांडली. घरातली हत्यारं पाटावर — माझी विळी, गिरीशचा लॅपटॉप, सुप्रभाच्या गाडीची किल्ली, इशानीची युनीची टॅबलेट. ह्यांचा एक्स-रेचा जुना बिल्ला. आणि मधोमध पिस्तूल. देशात असताना वडील कोयता पुजायचे, तेव्हापासून खऱ्या हत्याराची पूजा केली नव्हती. नारिंगी पट्टी काढून ठेवली. देवापुढे प्लास्टिक कसलं. नळीवर झेंडू ठेवला, शोभला.

गिरीश वर मीटिंगमध्ये. सुप्रभा स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या. इशानी फुलं आवरायला माझ्यापाशी.

देवघराशेजारी बुटक्या कपाटाच्या वर भिंतीवर ह्यांचा फोटो आहे, त्याची काच फुटली. खिळा ढिला होता. सुप्रभा धावत आली, तिलाही तेच सांगितलं. झाडून घेतलं. फोटो परत टांगला.

खीर बरी झाली होती.

२ ऑक्टोबर, दसरा

आपट्याची पानं कुठली, इथे कागदाचीच. सोनं वाटलं. इशानी खाली आली नाही. डोकं दुखतंय म्हणे.

५ ऑक्टोबर

पक्क्या मेंबरचा फॉर्म भरला. म्हणजे इशानीने भरला, मी सही केली. मधे एक प्रश्न होता — कधी काही अपघात, काही धोका झाला का. म्हटलं, नाही लिही. पेन हातात घेऊन बसून राहिली. "आजी..." म्हटलं, लिही गं. लिहिलं. खाली जामीन म्हणून तिची सही, मला तिनेच आणलं ना. ही बाई भरवशाची आहे असं काहीतरी त्यात छापलंय.

चहा न पिता वर गेली.

११ ऑक्टोबर, शनिवार

टीमची यादी लागली. चौथं नाव — लीलावती! डेरेकने एल दोनदा लिहिला, चालेल. पहिली मॅच नोव्हेंबरात, पाहुणी टीम येणार. शहाऐंशी मारले आज.

इशानी आली नव्हती. परीक्षा आहे म्हणाली. ऑक्टोबरात कसली परीक्षा?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नाव कापलं.

डेरेकने बाजूला घेतलं, चहाच्या टेबलापाशी. बिस्किटाची बशी पुढे केली. बिस्कीट दिलं तेव्हाच कळलं, काहीतरी वाईट आहे. माझं मेंबर होणं थांबवलंय. पंचवीस तारखेला कमिटी बसेल, मी येऊन बोलावं. तोवर पिस्तुलाला हात लावायचा नाही. मेल केला होता, म्हणाला, दोन दिवसांपूर्वी. मला कुणी वाचून दाखवला नाही.

का? म्हटलं. मान खाली घालून म्हणाला, "समवन अ‍ॅट होम इज वरीड, लीला."

समवन अ‍ॅट होम! मला माहीत आहे कोण. यादी लागून तीन दिवस झाले नाहीत. बसने घरी आले. पिस्तुलाची पेटी मांडीवर, तान्ह्या मुलासारखी.

१५ ऑक्टोबर

सुप्रभाला विचारलं. सरळ, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून.

"मी? आई, मला तुमचा डेरेक दिसतो कसा ते माहीत नाही."

म्हटलं, तुला पहिल्यापासून खुपत होतं. भजनाला जा म्हणालीस.

"खुपत होतंच. तोंडावर बोलले ना? पाठीमागून मी काही करत नाही." आणि चॉपिंग बोर्डवर कांदा असा चिरला की बोर्ड भंगेल.

चोवीस वर्षं एका घरात आहे. चांगलं नाटक करते.

१६ ऑक्टोबर

तिच्या हातचं जेवले नाही. टोस्ट खाल्ला. गिरीश म्हणाला, "आई, प्लीज." म्हटलं, तू टोस्ट खात राहिलास तेव्हा, आता मी खाते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

क्लबात आज बाकीच्या तिघी सराव करत असतील. चकल्या केल्या. एकटीने. सोऱ्या दाबताना दांडी आठवत होती. मोडल्या सगळ्या.

सुप्रभा मागे उभी राहिली. "मी दाबू का, आई?" म्हटलं, तू पुष्कळ दाबलंस. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. फार्मसिस्टला थेंब कुठले मिळतात ते माहीत असतं, असं तोंडावर येऊन गेलं. नाही बोलले. इथे लिहिते.

२० ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

ती सुप्रभा नव्हती.

पूजा झाली, सुप्रभाने मला वाकून नमस्कार केला. एवढं बोलले तिला, तरी. मी आशीर्वाद द्यायला हात उचलला आणि इशानी मधेच म्हणाली, "आजी, स्टॉप. मम्मीने नाही केलं. मी केलं."

सगळे उभे. गिरीशच्या हातात फुलबाजीचं पाकीट.

"मी डेरेकला सांगितलं. मी जाऊन सांगितलं."

माझ्या हातात तबक होतं. खाली ठेवलं की पडलं, आठवत नाही. तुपाचा डाग पडलाय गालिच्यावर.

ज्या पोरीने माझी मूठ घडवली, तिने! तिच्या बापाने, आईने केलं असतं तर एवढं लागलं नसतं. त्यांच्याकडून मी काही धरूनच नव्हते. हिला मी दात येत असताना खांद्यावर घेऊन हे अख्खं पिनर गाव पालथं घातलंय. आणि ती मेल खिशात घेऊन दोन दिवस माझ्यासमोर जेवली. मला इंग्रजी वाचता येत नाही हे तिला माहीत. त्याचाच फायदा घेतला.

गिरीशने विचारलं, काय सांगितलंस डेरेकला? ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्याकडेच बघत. मी म्हटलं, विचारू नकोस तिला, खोटंच सांगेल.

२१ ऑक्टोबर

दारावर टकटक केली. उघडलं नाही. बाहेरून बोलत होती.

"आजी, मी तुला वेट केलं. अकरा दिवस. तू स्वतः सांगशील म्हणून. मी फॉर्मवर साइन केलं आहे, माझी नाव आहे त्याच्यावर."

म्हटलं, जा.

"मी पप्पाला नाही सांगितलं. मम्मीला पण नाही. तू म्हणालीस तेच सांगितलं — नेल लूज होता. अजून पण तेच सांगते."

मी टीव्ही मोठा केला.

२२ ऑक्टोबर, पाडवा

सुप्रभाला म्हटलं, माझं चुकलं. तेवढंच. ती म्हणाली, "असू द्या, आई. पण इशूने का केलं असेल?" लहान आहे, म्हटलं. एकवीस वर्षांची आहे, म्हणाली ती.

टीममध्ये माझं नाव लागलं आणि तिचं नाही, म्हणून केलं असेल. एकोणऐंशीवाली! असंच असणार. दुसरं काय?

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आज तिने जेवताना माझ्या पानात चकली वाढली. मोडकी. मी बाजूला सारली.

गिरीश म्हणाला, बाबांच्या फोटोला काच बसवून टाकू, उद्या माप घेऊन आणतो. दिवाळीत फुटका फोटो बरा दिसत नाही. म्हटलं, राहू दे. "का राहू दे?" म्हणाला. इशानी ताटावरून उठली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

गिरीशने काच आणली. म्हटलं, उतरवते मी, तू जा कामाला.

खिळा हलवून पाहिला. हलत नाही. कधीच हलत नव्हता.

फोटोमागे भिंतीत भोक आहे. आत तो दहावा छर्रा. दूध उतू गेलं तेव्हा नळीत राहिला होता, नंतर नळीच्या तोंडात पट्टी खोचून आत आणलं मी, रिकामं समजून. कुंकू लावायला उचललंही मीच. बोट माझं. दुसऱ्या कुणाचं त्या मुठीत बसतच नाही.

इशानी गुडघ्यांवर बसून झेंडू गोळा करत होती. तशी बसून पाहिलं. भोक माझ्या कपाळाशी येतं. ती माझ्याहून उंच. तिच्या कानाशी येतं.

उद्या कमिटी. इशानीला बरोबर नेणार नाही. तेवढं इंग्रजी मला येतं.